फ्रॅटर्निटी-सोरोरिटी : बदनामी खरी किती, सिनेमाने केलेली किती?

शुभा_एडिसन
परवा आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर चांगलीच जुंपली. कारण एवढंच, की माझी लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सोरोरिटीत गेली. (सोरोरिटी म्हणजे अमेरिकी कॉलेजांतली मुलींची सदस्य-संघटना; मुलांची ती फ्रॅटर्निटी, थोडक्यात 'फ्रॅट'.) एकीने लगेच विचारलं, "अगं, दारू-बिरू?" दुसरीने अलाबामा विद्यापीठातल्या भरतीचे, म्हणजे 'रश'चे, टिकटॉक पाठवले. तेच केस, तसेच कपडे, दारात टाळ्या पिटत किंचाळणाऱ्या मुली. २०२१ मध्ये हे व्हिडिओ गाजले आणि तेव्हापासून आख्ख्या अमेरिकेतल्या मुलींचं माप त्यांवरून काढलं जातं.

मला हे पटत नाही. लेकीच्या सोरोरिटीच्या घरात दारू आणायला बंदी आहे. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या देशपातळीवरच्या संघातल्या सोरोरिटींची घरं परंपरेने कोरडीच असतात. तिच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे तिथल्या शाखेत, मार्क घसरले की कार्यक्रम बंद, मीटिंग चुकवली की दंड. घरी मी हे नियम लावले असते तर पोरीने मला वेड्यात काढलं असतं. बाकीच्यांचं काय म्हणणं आहे?

कडूकारले
'कोरडी घरं' वाचून करमणूक झाली. शुभाताई, मुलींच्या घरात दारू नाही, मग पार्टी होते कुठे? फ्रॅटमध्ये. म्हणजे दारात कोणाला अडवायचं, पेल्यात काय ओतायचं, वरच्या खोल्यांच्या किल्ल्या कोणाकडे राहायच्या, हे सगळं पोरं ठरवणार. मुली तिथे कायम पाहुण्या. मुली पितात की नाही हा माझा प्रश्नच नाही. घर कोणाचं, हा आहे.

आणि कागदावरच्या बंदीचं म्हणाल तर पेन स्टेट विद्यापीठाची गोष्ट ऐका. फेब्रुवारी २०१७, बीटा थीटा पाय नावाची फ्रॅट. १९ वर्षांचा नवा मुलगा. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार त्याला ८२ मिनिटांत निदान १८ पेले दारू दिली गेली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. पोरांनी त्याला उचलून सोफ्यावर टाकलं, आणि रुग्णवाहिकेला फोन गेला सुमारे १२ तासांनी. हे सगळं घरातल्याच कॅमेऱ्यांत दिसतं. मुलगा वाचला नाही. ते घरही नियमाप्रमाणे कोरडंच होतं बरं का.

निनाद_पिट्सबर्ग
मी पेन स्टेटचाच. फ्रॅटमध्ये नव्हतो, त्यामुळे वकिली करायचं कारण नाही. पण वरची गोष्ट अर्धी आहे. तिथल्या फ्रॅटर्निटींच्या संघाने १९७३ मध्ये 'थॉन' सुरू केलं. लहान मुलांच्या कॅन्सर उपचारांसाठी निधी जमवायचा म्हणून पोरंपोरी ४६ तास न बसता, न झोपता नाचतात. आता त्यात सगळं विद्यापीठ असतं, पण राबणाऱ्यांत ग्रीक मंडळी मोठ्या संख्येने. (ग्रीक अक्षरांची नावं, म्हणून यांना 'ग्रीक' म्हणतात. ग्रीसशी काडीचा संबंध नाही.) तो मुलगा गेला त्यानंतर दोन आठवड्यांनी थॉन झालं आणि एक कोटी डॉलरहून जास्त जमले. पहाटे चार वाजता पाय सुजलेली ती पोरं मी पाहिली आहेत. त्यांना सरसकट दारुडे म्हणवत नाही.

कडूकारले
म्हणू नकाच. सेवाभावी पोरं आणि १२ तास फोन न करणारी पोरं एकाच व्यवस्थेत वाढतात, हेच तर माझं म्हणणं. भावाला संकटात टाकायचं नाही, चॅप्टर बंद पडता कामा नये, ही एकजूट देणगी गोळा करताना कामाला येते आणि पोलिसांना फोन करायची वेळ आली की हात धरते.

पेन्शनर_कोथरूड
एवढी चर्चा कशाला? हे रॅगिंगच आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये कायदा करून बंदी घातली. अमेरिकेला जमत नाही?

मेघना_ऑस्टिन
काका, फरक आहे, आणि तो मोठा आहे. आपल्याकडे मुलगा इंजिनीअरिंगला किंवा मेडिकलला जातो आणि सिनियर त्याला गाठतात. इथे मुलगा स्वतः रांगेत उभा राहतो, फी भरतो, उद्या सोडून जाऊ शकतो. म्हणून तर तो तक्रार करत नाही. ज्या दारातून आत जायचंय त्याच दारावर पोलीस कोण आणेल? फ्लोरिडासारख्या राज्यांनी कायद्यातच लिहिलंय, की पीडिताची संमती होती हा बचाव चालणार नाही.

आता माझी बाजू. मी दक्षिण आशियाई मुलींच्या सोरोरिटीत होते. आमच्याकडे बंगला नव्हता, खांब नव्हते, स्वयंपाकी नव्हता. मीटिंग रिकाम्या वर्गात. दिवाळीचा कार्यक्रम आणि मिडटर्मच्या आधी रात्रभर अभ्यास, हीच आमची पार्टी. अशा संस्था १९९० च्या दशकात निघाल्या : पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात सिग्मा बीटा रो १९९६ मध्ये, ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय आणि कप्पा फाय गॅमा १९९८ मध्ये. वाट त्याआधीच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी पाडली होती. अल्फा फाय अल्फा, कॉर्नेल, १९०६. मार्टिन ल्यूथर किंग याच संघटनेचे. अल्फा कप्पा अल्फा, हॉवर्ड, १९०८. कमला हॅरिस तिथल्या. या मुलांना आपली घरं का उभारावी लागली? गोऱ्यांची दारं बंद होती म्हणून. अलाबामात तर २०१३ मध्येही कृष्णवर्णीय मुलींना वर्णामुळे नाकारल्याचं विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने छापलं, तेव्हा कुठे विद्यापीठ हललं. त्यामुळे 'फ्रॅट' म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त सोनेरी केस आणि बिअरची पिंपं येत असतील तर निम्मा इतिहास गायब आहे.

कडूकारले
इतिहासाला नमस्कार. पण 'आपल्यासारख्यांची' म्हणून सुरक्षित, हे नको. पाय डेल्टा साय ही आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटी. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजची पोरं नव्या मुलांना पेन्सिल्व्हेनियातल्या डोंगरात घेऊन गेली. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळू भरलेली पिशवी, आणि एकामागून एक धडका. एक मुलगा मेला. पुढे न्यायालयाने त्या संघटनेला पेन्सिल्व्हेनियातून १० वर्षांसाठी हद्दपार केलं. तिथे गोरं कोण होतं?

मेघना_ऑस्टिन
कोणी नव्हतं. तरी माझ्या चार वर्षांत आमच्याकडे असलं काही झालं नाही, हेही तितकंच खरं. तुमच्या प्रत्येक उदाहरणात मुलगे आहेत, तेवढं पाहा.

निनाद_पिट्सबर्ग
थोडं पैशाचं बोलू, कारण खरी ओढ तीच असते. ईशान्य अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. फ्रॅटर्निटीत गेल्याने ४ पैकीचा जीपीए (मार्कांची सरासरी) साधारण ०.२५ ने घसरतो, पण पुढचं उत्पन्न सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं, असा निष्कर्ष निघाला.

पेन्शनर_कोथरूड
अरे मग आधी सांगायचं! नातवाला उगाच अभ्यासाला बसवतोय.

कडूकारले
काका 😄 एकाच कॉलेजचा अभ्यास आहे तो. आणि समजा खरा धरला, तर उलट वाईटच. कमी मार्कांवर जास्त पगार कशाचा मिळतो? ओळखीचा. आपल्याकडे त्याला वशिला म्हणतात आणि नाकं मुरडतात.

(अवांतर : एमएसला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हा धागा वाचून घाबरू नये. हे सगळं पदवीच्या पोरांचं. एमएसवाल्याला भाडं, असाइनमेंट आणि आरएशिप (प्राध्यापकांच्या संशोधनात मदतनिसाचं काम) यांतून मान वर करायला फुरसत नसते.)

शुभा_एडिसन
सगळ्यांचं वाचलं. मत तेच आहे, पण नुसतं मत मांडून थांबत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय कायदा झाला, त्यानुसार हेझिंगमध्ये, म्हणजे नव्या सदस्यांच्या छळात, दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती विद्यापीठांना वेबसाइटवर द्यावी लागते. लेकीच्या विद्यापीठाची यादी काढली. तिचा चॅप्टर त्यात नाही.

कडूकारले
यादीत फक्त पकडले गेलेले असतात, आणि तेही चौकशीत दोषी ठरलेले. बरं, तिच्या चॅप्टरचे कार्यक्रम ज्या फ्रॅटर्निटींबरोबर होतात, त्यांची नावं शोधलीत का?

शुभा_एडिसन
शोधली. एक सापडलं. लेकीला पाठवलंय. पण सोरोरिटी सोड, असं मी तिला म्हणणार नाही.

कडूकारले
म्हणूच नका. पुढच्या मीटिंगमध्ये त्या फ्रॅटबरोबरचे कार्यक्रम बंद करायचा ठराव मांडायला सांगा. बाजूने किती हात वर होतात, ते इथे कळवा.