पाच दिवस आणि तीन गावं: विजापूर, बदामी, हम्पी कसं बसवू?

धायरीकर
दिवाळीला जोडून पाच दिवसांची रजा मिळालीय, सहावा मिळणार नाही. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि आई, पुण्याहून घरच्या गाडीने. आई ६९ वर्षांची, पायऱ्या चढते पण सावकाश. राहणं, खाणं, डिझेल धरून २५ हजारांत बसवायचंय. विजापूर एक दिवस, बदामी एक, हम्पी दोन, पाचवा परतीचा, असं मनात आहे. आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण यातलं एकही गाव पाहिलेलं नाही. दिवस कुठे कमी-जास्त करू?

तुंगभद्रातीर
हम्पीला तीन द्या, बाकीचं जाता-येता. आम्ही चार दिवस राहिलो तरी नदीपलीकडचं आनेगुंदी राहिलंच. विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी कमलमहालाला चालतं. आम्ही दोन्ही वेगवेगळ्या दिवशी केली आणि सगळ्यांची तिकिटं पुन्हा काढावी लागली. राहायला नदीकाठचं रिसॉर्ट घ्या. रात्रीचे नऊ हजार जातात, पण वसूल होतात.

धायरीकर
अहो, सगळे मिळून २५ आहेत.

घुमटप्रेमी
विजापूर 'जाता-येता' होत नाही. गोलघुमट १६५६चा, घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर. सकाळी दार उघडल्याबरोबर वर घुमटाच्या आतल्या गोल सज्जात पोचा, नंतर सहलीची पोरं येतात आणि नुसत्या शिट्ट्या ऐकू येतात. माझ्या बाबांनी पलीकडच्या भिंतीला तोंड लावून माझं घरातलं नाव घेतलं, ते माझ्या कानाशी आलं. बाबा आता नाहीत, म्हणून सांगते, लेकीला तो सज्जा दाखवाच. आईंना मात्र वर नेऊ नका, कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून सात मजले अरुंद जिना आहे. त्यांना इब्राहिम रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहाची कबर, दाखवा, सगळं खालीच आहे. मुलूख-ए-मैदान तोफही बघा, १५४९ साली आपल्या नगरला ओतलेली.

कात्रजघाट
रस्त्याचं कोणी बोलत नाहीये. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर, पुढे विजापूर शंभर. विजापूर-बदामी सव्वाशे, बदामी-हम्पी दीडशेच्या घरात. हम्पीहून पुणे साडेपाचशेच्या आसपास. तो एक दिवस म्हणजे पहाटे निघून रात्री घरी, तेही गाडी चालवणारा एकच असेल तर धोका.

बावधनची_स्वारी
सोलापूरमार्गे नको, कोल्हापूर-बेळगाववरून जा. मी कायम तसाच जातो.

कात्रजघाट
अहो, त्यांना विजापूर करायचंय! बेळगाववरून गेलं तर ते बाजूलाच राहतं.

बावधनची_स्वारी
मग विजापूर सोडा. कोल्हापूरला मिसळ तरी होते.

नागपंचमी
इतक्या लांब कशाला, वेरूळ-अजिंठा करा. फक्त सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ. आम्ही सोमवारी अजिंठ्याच्या दारातून परतलो, मुलं रडत होती.

शेंगाचटणी
बदामीला एक दिवस अजिबात पुरणार नाही. चार लेणी आणि अगस्त्य तलाव यातच सकाळ जाते. तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा ५७८चा शिलालेख आहे. शिवाय जवळची जुन्या देवळांची गावं, पट्टदकल आणि ऐहोळे. ऐहोळ्याच्या मेगुती देवळावर कवी रविकीर्तीचा ६३४चा लेख आहे, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने सम्राट हर्षाला हरवलं ते त्यातच. तीन महाराष्ट्रकं (म्हणजे महाराष्ट्राचे तीन भाग) आणि त्यांतली ९९,००० गावं हा उल्लेखही तिथलाच. आई इतिहासाच्या शिक्षिका आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं. जेवायला बनशंकरी, देवळाबाहेर बायका टोपलीत ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही घेऊन बसतात.

तुंगभद्रातीर
बदामी छान आहे, पण हम्पीसमोर काही नाही. हम्पीला तीन.

पर्वतीपायथा
मीही हेच म्हणणार होतो, हम्पीला तीन दिवस. बदामीत माकडांपासून जपा. लेण्याच्या पायऱ्यांवर एका माकडाने माझ्या हातातली पिशवी ओढून नेली, त्यात वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. वरच्या कड्यावर बसून त्याने पाकीट दातांनी फाडलं. संध्याकाळभर औषधांची दुकानं हिंडलो. गोळ्या खिशात ठेवा, खायचं गाडीत.

घुमटप्रेमी
माकडांचं बरोबर आहे. तरी विजापूर दीड दिवस.

धायरीकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला मेगुतीच्या लेखाचं वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले. म्हणाली, "रविकीर्ती स्वतःला कालिदास-भारवीच्या पंक्तीत बसवतो, ते मी दरवर्षी वर्गात सांगायचे. तो दगड अजून आहे होय?" मग ठरवलं, यंदा हम्पी नाही. पहिला दिवस पुणे-विजापूर, दुसऱ्या सकाळी गोलघुमट आणि दुपारी बदामीकडे, तिसरा लेणी-तलाव, चौथा ऐहोळे-पट्टदकल घाई न करता, पाचवा घरी. तीन रात्री बदामीत, बाराशेच्या खोल्या मिळाल्यात. हम्पीला लेकीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ.

तुंगभद्रातीर
उन्हाळ्यात हम्पी? मे महिन्यात तिथला दगड संध्याकाळीही हात लावू देत नाही. मोठी चूक करताय.

धायरीकर
मग पुढच्या डिसेंबरात. @शेंगाचटणी, मेगुतीला आईला चढवेल का? आणि भाकरीवाल्या बायका किती वाजता बसतात?

शेंगाचटणी
पायऱ्या आहेत, पण टेकडी लहान आहे. माझी सासू दोनदा टेकून चढली. सकाळी लवकर जा, वर सावली कमी आहे. लेख देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर आहे, सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. आम्हाला बनशंकरीला बाराच्या सुमारास भाकरी मिळाली. पाण्याच्या बाटल्या घरूनच न्या.