तोखू एमोंग : 'सुगीचा सण' एवढे म्हणून भागते का?

प्रश्न
नागालँडवरच्या एका लेखात 'तोखू एमोंग हा लोथा जमातीचा सुगीचा सण' असे वाचले. शाळेच्या हस्तलिखितासाठी मी यावर लिहिते आहे. या दोन शब्दांचा अर्थ काय? आणि 'तोखू एमोंग महोत्सव' लिहावे का?

प्रतिसाद
नुसते 'तोखू एमोंग' लिहा. पुल्लिंगी चालवा: तोखू एमोंग आला, साजरा झाला. 'महोत्सव' हॉर्नबिलसाठी ठेवा. तो राज्य सरकारने 2000 साली सुरू केला, डिसेंबरात कोहिमाजवळच्या किसामा गावात भरतो आणि तिथे सगळ्या जमाती येतात. तोखू एमोंग एकट्या लोथांचा. त्यांचा मुलूख म्हणजे वोखा जिल्हा, आणि स्वतःच्या भाषेत ते स्वतःला 'क्योंग' म्हणवतात. सण 7 नोव्हेंबरला सुरू होतो, परंपरेने नऊ दिवस चालतो.

'तोखू' म्हणजे घरोघर जाऊन खाणेपिणे, भेटवस्तू गोळा करणे. 'एमोंग' म्हणजे ठरल्या वेळी थांबणे. 'सुगीचा सण' चूक नाही, कारण पीक घरात आल्यावरच हे सगळे होते. पण त्यात थांबण्याचा भाग येतच नाही, आणि माझ्या मते सणाचा जीव तिथेच आहे.

प्रतिसाद
थांबणे म्हणजे सुट्टीच ना?

प्रतिसाद
सुट्टीपेक्षा कडक. आपल्याकडे कोल्हापूरच्या बाजूला गाव 'पाळक' पाळते, त्या दिवशी कोणी औत धरत नाही, शेतात जात नाही. एमोंगला जवळचा मराठी शब्द मला तोच वाटतो. सण लागताना एखादा परका माणूस लोथा गावात असेल, तर त्याने सूर्यास्ताच्या आत गाव सोडायचे, नाहीतर सण संपेपर्यंत तिथेच राहायचे. राहिला तर तो गावाचा पाहुणा, त्याच्या खाण्यापिण्यात काही कमी पडू द्यायचे नाही.

सुरुवात पुजारी करत असे. तो टोपली घेऊन दारोदार जाई, प्रत्येक घरचे भात घेई. पहिली मूठ हातात धरून प्रार्थना करायची, मगच ती टोपलीत टाकायची. जो सढळ हाताने देईल त्याच्या शेतात जास्त पिकेल, अशी श्रद्धा होती, आणि जो नाकारेल त्याच्यावर भीक मागायची वेळ येईल ही भीतीही. जमलेल्या धान्यातून डुक्कर विकत घेत, बाकीच्याची तांदळाची बियर होई. डुकराच्या मांसाचे वाटे धान्य देणाऱ्या घरांत वाटले जात.

मूळ प्रश्नकर्ती
'भात' लिहिले तर मुलांना शिजवलेला भात वाटेल.

प्रतिसाद
बरोबर. कोकणात अडचण येणार नाही, पण इतरांसाठी 'न कांडलेले भात' किंवा 'साळ' लिहा. शिवाय पुजाऱ्याचा भाग भूतकाळात ठेवा. लोथा समाज आज बहुतांशी ख्रिस्ती आहे. सामूहिक गाणी, नाच आणि पंगती मात्र वर्तमानकाळात लिहा. अनेक मराठी लेखांत हे दोन काळ एकमेकांत मिसळतात आणि आजची माणसे शंभर वर्षांपूर्वीची वाटू लागतात. तेवढे टाळाच.

प्रतिसाद
यात मैत्रीचा भाग राहून गेला. सणात मित्राला शिजवलेल्या मांसाचे तुकडे देण्याची रीत आहे आणि तुकड्यांच्या संख्येला अर्थ आहे. नुसत्या ओळखीच्या माणसाला सहा. जिवलगाला बारा, आणि त्यानेही बारा परत दिले की मैत्री पक्की: पुढे कुणावरही संकट आले तरी दुसऱ्याने पाठीशी उभे राहायचे. वर्षभरातली भांडणेही याच दिवसांत मिटवतात. ज्या घरात त्या वर्षी कुणी वारले असेल ते घर याच काळात मृताचे शेवटचे विधी करत असे, आणि ज्यांचे लग्न ठरलेले असेल त्यांची लग्ने सण उरकल्यावर लागत.

मूळ प्रश्नकर्ती
मग पहिले वाक्य असे करते: 'पीक घरात आले की लोथा लोक काम थांबवून एकमेकांच्या घरी जेवायला जातात, तो सण तोखू एमोंग.'

प्रतिसाद
छान झाले. त्यात 'सगळे गाव मिळून' हे शब्द घाला, एकेका घराने थांबून एमोंग होत नाही.