मदत हवी आहे : खिडकीतल्या भूत जोलोकियाची फुलं गळतात

नमस्कार मंडळी. आमचं गाव भिवापूरजवळ, म्हणजे मिरचीचाच मुलूख. तरी हौसेनं भूत जोलोकिया या आसामकडच्या जहाल तिखट मिरचीची दोन रोपं तेलाच्या डब्यात लावली. रात्रीचा पारा १० अंशांवर आला तसे डबे घरात, दक्षिणेच्या खिडकीत ठेवले. ऊन चारेक तास मिळतं. फुलं येतात, पण देठासकट गळतात. परागकण पसरावेत म्हणून फुलांवर ब्रश फिरवून पाहिला, एकच मिरची धरली.

त्यात शेंड्याची पानं वर वळताहेत. वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी कीड, एवढं वावरातल्या मिरचीवरून ठाऊक आहे. पण घरात फवारू काय? चूल तिथंच! सासूबाई म्हणतात, राख टाक.

फुलगळ थंडीनं होते की पाणी जास्त होतंय? आठवड्यातून दोनदा देते. एलईडी बल्ब लावून कुणाला फरक पडला का?