मदत हवी आहे: 'कसं' विचारूनही क्रियाविशेषण चुकतंय, उद्या पेपर

होटगी_रोड: रात्रीचे साडेनऊ झालेत, सकाळी मुलीचा इंग्रजीचा पेपर आहे. मीच तिला शिकवलं होतं, क्रियापदाला 'कसं, कुठं, कधी' विचार, जे उत्तर येईल ते क्रियाविशेषण. तरी ट्यूशनच्या वहीत दोन ठिकाणी लाल फुली. पोरगी वही मिटून बसलीय. नियमच चुकीचा आहे का? लवकर सांगा.

जुळे_सोलापूर: वाक्यं कुठायत? कितवीला आहे? सेमी का?

कन्ना_चौक: वाक्यं कशाला बघायची? शेवटी 'ली' आलं की क्रियाविशेषण. स्लोली, क्विकली. आम्ही एवढ्यावर दहावी काढली.

निवृत्त_गुरुजी: असं सांगू नका हो पोरांना. फ्रेंडली, लव्हली, अग्ली ही विशेषणं आहेत. सून, नेव्हर यांना 'ली' नाही, तरी ती क्रियाविशेषणं. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो राबतो, अन् 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो फारसं कामच करत नाही. या 'ली'पायी गेलेले मार्क मी आयुष्यभर पाहिलेत.

कन्ना_चौक: अपवाद सगळीकडं असतात सर. परीक्षेत एवढा विचार करायला वेळ कुठाय?

सात_रस्ता: पॅसिव्ह व्हॉइस पक्कं करून घ्या, मार्क हमखास. कर्म पुढं आणायचं, 'इज', 'वॉज' असलं रूप, क्रियापदाचं तिसरं रूप, मग 'बाय'.

होटगी_रोड: पॅसिव्ह विचारलंच नाही मी. सातवी, सेमी. पहिलं वाक्य 'द मिल्क स्मेल्स बॅड'. तिनं 'बॅड' क्रियाविशेषण लिहिलं. वास कसा येतो? वाईट. बरोबरच आहे की! दुसरं 'शी वेंट होम अर्ली'. यात 'होम' नाम लिहिलं.

निवृत्त_गुरुजी: फुल्या बरोबर आहेत. 'स्मेल्स' काढून 'इज' घाला: 'द मिल्क इज बॅड'. वाक्य टिकलं ना? म्हणजे 'बॅड' दुधाबद्दल सांगतंय. हुंगायची क्रिया दूध करतच नाही. म्हणून विशेषण. लुक, फील, टेस्ट, साउंड यांनाही हेच लावून बघा. 'होम'ला मात्र तुमचाच प्रश्न चालतो. कुठं गेली? घरी. मागं 'टू' नाही, 'हर' नाही. ते क्रियाविशेषण.

पूर्व_भाग: आमच्या घरी तेलुगू, मी इंग्रजी मराठीवरून शिकलो. 'तो चांगला दिसतो, ती चांगली दिसते', शब्द बदलला, म्हणून 'गुड'. 'तो चांगलं गातो, ती चांगलं गाते', बदलला नाही, म्हणून 'वेल'.

जुळे_सोलापूर: मग 'तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते'? इथंही बदलतो, पण इंग्रजीत 'प्लेज वेल'च. मुलगी उद्या फसेल.

पूर्व_भाग: खरंय, हे ध्यानात आलं नव्हतं. 'इज' घालून बघणंच बरं.

कन्ना_चौक: मी म्हणतो, सेमीच कशाला पाहिजे? आधी मराठी व्याकरण पक्कं होऊ द्या.

जुळे_सोलापूर: त्याचा वेगळा धागा काढा.

होटगी_रोड: 'इज'चं जमलं तिला. शेंगाचटणी घेऊन स्वतःच वाक्य केलं, 'द चटणी टेस्ट्स हॉट', अन् 'हॉट' विशेषण म्हणाली. आता विचारतेय, 'शी लुक्ड अँग्रिली ॲट द डॉग' यात 'लुक' असूनही 'अँग्रिली' का?

निवृत्त_गुरुजी: शाबास! 'शी वॉज अँग्रिली' होत नाही, म्हणून. इथं ती रागानं पाहतेय. 'शी लुक्ड अँग्री' मध्ये ती रागावलेली दिसतेय. मराठीत पाहणं आणि दिसणं वेगळं, इंग्रजीत दोन्हीला 'लुक'. झोपवा तिला आता.