पहिल्याच कोर्सात इंटिग्रेटिंग फॅक्टरचे चार नियम कशाला?

फळा-खडू, टिळकवाडी

बेळगावात बीएस्सीला गणित शिकवतोय, बावीस वर्षं होत आली. अवकल समीकरणांचा (एखादी गोष्ट किती वेगानं बदलते हे सांगणारी समीकरणं), म्हणजे मुलांच्या भाषेत 'डीई'चा पहिला कोर्स बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येतो. क्रम ठरलेला: व्हेरिएबल सेपरेबल, होमोजीनियस, लिनियर, बर्नोली, एक्झॅक्ट, एक्झॅक्ट (एखाद्या फलनाचं पूर्ण डिफरन्शियल) नसेल तर इंटिग्रेटिंग फॅक्टर, म्हणजे ज्यानं गुणलं की ते एक्झॅक्ट होतं तो गुणक, काढायचे चार नियम, मग क्लेरोचं समीकरण. त्यातल्या चार नियमांत आणि क्लेरोत माझे तीन आठवडे जातात. माझं मत आहे की पहिल्या कोर्सातून हे काढावं आणि तो वेळ मुलांना समीकरण वाचायला शिकवण्यात घालवावा.

वाचायला म्हणजे काय, ते सांगतो. यंदा एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचं तोंड कापलं, खालच्या बाजूला तापवलेल्या खिळ्यानं भोक पाडलं आणि भोकापासून वर १६, ९, ४ आणि १ सेंटिमीटरवर मार्करनं रेघा मारल्या. वर्गाला विचारलं, १६ वरून ९ वर, ९ वरून ४ वर आणि ४ वरून १ वर यायला पाण्याला किती-किती वेळ लागेल? सगळे म्हणाले, पहिल्या टप्प्याला सगळ्यात जास्त, सात सेंटिमीटर आहेत ना. शेवटी तर तीनच. मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. ५२ सेकंद, ५३ सेकंद, ५६ सेकंद. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरचा हलग्याचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पाणी खाली येईल तसं सावकाश पडूलंय."

झालं की समीकरण! उंची उतरण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. सतराव्या शतकात टोरिचेलीनं सांगितलेला नियम हाच. १६, ९, ४, १ यांची वर्गमुळं ४, ३, २, १. प्रत्येक टप्प्यात वर्गमूळ एकानं उतरतं, म्हणून वेळ सारखा. सोडवणं त्यानंतर तीन ओळींत उरकलं आणि ते मुलांनीच केलं.

चार नियमांच्या तासाला असं कुणी उठून बोलल्याचं मला बावीस वर्षांत आठवत नाही. इथं शिकवणारे, शिकलेले बरेच जण आहेत. तुमचं काय मत?

चिकोडीचा गणितवाला

सर, बाटली आवडली, पण मत अजिबात पटलं नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरातली पहिली पदवीधर होणार आहेत. दहावीपर्यंत कुणी मराठी, कुणी कन्नड माध्यमात. पीयूसीला एकदम इंग्रजी. त्यांच्या हातात धरण्यासारखं काही असेल तर ती रीतच. डीएक्सपुढचा एम कुठला, डीवायपुढचा एन कुठला, एमचं वायनं आणि एनचं एक्सनं पार्शल डेरिव्हेटिव्ह काढ, सारखं आलं तर एक्झॅक्ट. चाळीस गणितं सोडवली की मुलगा म्हणतो, मला हे येतं. हे 'मला येतं' त्याला बारावीनंतर पहिल्यांदाच म्हणता येत असतं. ते काढून घेऊन त्याला 'विचार कर' म्हणालात तर तो मागच्या बाकावर जाऊन बसेल आणि परत पुढं यायचा नाही.

दुसरं, एक्झॅक्ट म्हणजे नुसती क्लृप्ती नव्हे. तुमच्याच वर्गातली मुलं शेजारच्या खोलीत थर्मोडायनॅमिक्स शिकतात. उलटसुलट दोन्ही दिशांनी नेता येणाऱ्या बदलात उष्णतेचं डिफरन्शियल एक्झॅक्ट नसतं, त्याला निरपेक्ष तापमानानं भागलं की होतं, आणि जे मिळतं ती एंट्रॉपी. म्हणजे तापमानाचा व्यस्तांक हा इंटिग्रेटिंग फॅक्टरच की! भौतिकशास्त्रातली इतकी मोठी गोष्ट ज्या धड्यात लपली आहे, तो धडा तुम्ही काढायला निघालात.

फळा-खडू, टिळकवाडी

एंट्रॉपीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण एक विचारतो, तुम्ही तो वर्गात सांगता का? सांगत असाल तर तुमचा तो तास ऐकायला मी चिकोडीला येतो. आमच्या पाठ्यपुस्तकात तो नाही. तिथं आहे ते असं: एम आणि एन होमोजीनियस असतील तर एक भागिले एम-एक्स अधिक एन-वाय, अमुक रूप असेल तर तिथं अधिकच्या जागी उणे, तमुक भागाकारात फक्त एक्स उरला तर ई चा अमुक घात. का, कशावरून, काही नाही. मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतात आणि पेपर टाकून आले की विसरतात. एक्झॅक्ट एका तासात एंट्रॉपीसकट सांगा, मी टाळ्या वाजवीन. माझी तक्रार त्या चार नियमांच्या दोन आठवड्यांबद्दल आहे.

उद्यमबाग, फौंड्रीवाला

मी गणिताचा माणूस नाही, मेकॅनिकलचा. उद्यमबागेत ओतकामात आयुष्य गेलं. दोन्ही सरांना एक प्रसंग सांगतो.

मागे आमच्याकडं एक ट्रेनी मुलगा आला, गणितात उत्तम मार्कांचा. त्याला म्हटलं, साच्यात लोखंड ओतल्यावर ते कसं निवेल, त्याचा ग्राफ काढून दाखव. त्यानं न्यूटनचा निवण्याचा नियम लावला, पाच मिनिटांत सुंदर वक्र काढला. साडेतेराशे अंशांपासून गुळगुळीत खाली येणारा. मग आम्ही थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, लावून खरंच मोजलं. साडेअकराशेच्या आसपास काटा थांबला. बराच वेळ हललाच नाही. पोराला वाटलं मीटर बिघडलं, त्यानं दोनदा वायर तपासली. मीटर ठीक होतं. लोखंड गोठत होतं, आणि गोठताना आतली उष्णता बाहेर सोडत होतं. बाहेर जाणारी उष्णता आतूनच भरून निघाली की तापमान कसं उतरेल?

सोडवण्यात त्याची काही चूक नव्हती. समीकरण कशाचं आहे, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. जाड भाग शेवटी गोठतो, रायझर (गोठताना साच्याला जादा लोखंड पुरवणारा भाग) कुठं ठेवायचा, सगळं या एका गोष्टीवर चालतं. आमच्याकडं समीकरण लिहून कुणी देत नाही. ते आपणच मांडायचं आणि कुठं मोडतं तेही आपणच बघायचं. सोडवायला कॉम्प्युटर आहे. म्हणून माझं मत बाटलीच्या बाजूनं. फक्त बाटलीतही शेवटच्या टप्प्याला ५६ सेकंद का लागले, तेवढं मुलांना शोधायला लावा.

खानापूरची, सध्या कोल्हापुरात

दोन्ही सर शिकवणारे, म्हणून शिकणारीच्या बाजूनं लिहिते. एमएस्सीसाठी आता शिवाजी विद्यापीठात आहे. दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात मराठी शाळा, पुढं बेळगावात.

चिकोडीच्या सरांचं खरं आहे. पहिल्या सत्रात मला रीतीनंच तारलं. इंग्रजीत विचारलेला प्रश्न कळायचा नाही, पण 'सॉल्व्ह' हा शब्द कळायचा, आणि त्यापुढं समीकरण असलं की हात चालायचा. शाब्दिक उदाहरण आलं की मी सोडून द्यायचे. टाकीत 'ब्राइन' येतंय, इतकं ढवळलं जातंय, इतकं बाहेर जातंय. ब्राइन म्हणजे कुठलं तरी केमिकल असेल, असं मला परीक्षा होईपर्यंत वाटत होतं. ते मिठाचं पाणी, हे कळलं तेव्हा रडू आलं. मिठाच्या पाण्याचं गणित मला आलं असतं हो.

दुसऱ्या वर्षी एक मॅडम आल्या. त्यांनी फळ्यावर 'स्लोप' लिहिलं, खाली 'उतार' लिहिलं, आणि माझ्या सौंदत्तीच्या मैत्रिणीकडं वळून विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? ती म्हणाली, इळिजारू. तोही शब्द फळ्यावर गेला. मग ग्राफ पेपरवर प्रत्येक बिंदूपाशी समीकरण सांगेल त्या उताराची बारीक रेघ मारायला लावली. अर्धा तास आम्ही नुसत्या रेघा मारत होतो. पाऊण पान भरलं आणि त्या रेघांतून वाहत गेल्यासारखे वक्र आपोआप दिसायला लागले. जनरल सोल्युशनमधला तो 'सी' म्हणजे यातला कुठला वक्र धरायचा हे सांगणारा आकडा, हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी वर्षभर मी अधिक सी, अधिक सी लिहीत होते.

म्हणून माझं म्हणणं, रीत की अर्थ हे भांडण आमच्या भागात नंतरचं. आधी तीन भाषांत बोला.

चिकोडीचा गणितवाला

ताई, ब्राइनचं वाचून मी थांबलो. मी दरवर्षी तेच उदाहरण देतो आणि तो शब्द मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगायचं मला कधी सुचलं नाही. या सोमवारपासून सांगणार.

पण सर, पेपर आपण काढत नाही. पेपरात 'सॉल्व्ह' येतं, पुढच्या प्रवेश परीक्षांतही इंटिग्रेटिंग फॅक्टर विचारतात. मी नियम गाळले आणि तोच प्रश्न आला, तर त्या मुलाच्या घरी जाऊन काय सांगू?

निपाणी, निवृत्त

काय गाळायचं ते गाळा, पण डी ऑपरेटरला हात लावू नका. अवकलनाला एखाद्या अक्षरासारखं धरायचं, बहुपदीसारखे अवयव पाडायचे आणि उत्तर बरोबर यायचं, यानं मला विसाव्या वर्षी गणिताची गोडी लावली. अर्थ नंतर कळला, गोडी आधी लागली. असंही होतं.

फळा-खडू, टिळकवाडी

निपाणीकर सर, त्याला हात लावणार नाही. स्थिर सहगुणकांची समीकरणं पूर्ण ठेवायची, ती झोपाळ्यापासून विजेच्या सर्किटपर्यंत सगळीकडं भेटतात.

चिकोडीकर, पेपर आपल्या हातात नाही, खरंय. पण इंटर्नलचे मार्क आपल्या हातात आहेत. मी गेल्या वर्षी टेस्टला एक प्रश्न घातला: वाय बदलण्याचा वेग म्हणजे वाय गुणिले (चार वजा वाय). सुरुवात १ पासून केली तर वाय कुठं जाईल? ६ पासून केली तर? वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलानं पार्शल फ्रॅक्शन करून दीड पान भरलं. मध्ये एका ठिकाणी चिन्ह चुकलं आणि त्यानं लिहिलं, अनंताकडं. एका मुलीनं दोन ओळी लिहिल्या: शून्य ते चारमध्ये वेग धन, म्हणून वर चढेल, चारच्या वर ऋण, म्हणून खाली येईल, दोन्हीकडून चारकडंच. मुलाला बोलावून दोन्ही पेपर शेजारी ठेवले. तो म्हणाला, सर, हे चालतं? हे असं लिहिलं तर मार्क मिळतात?

हा प्रश्न तो पोटतिडकीनं विचारत होता. पंधरा वर्षं शिकून आलेल्या मुलाला वाटत होतं की डोळ्यांनी बघून सांगणं म्हणजे कॉपी. याला जबाबदार त्याचा अभ्यास नाही, आपण शिकवणारे आहोत. आणि १८४१ मध्ये लिउव्हिलनं दाखवून दिलंय की वायचा वेग बरोबर एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग, इतकं साधं दिसणारं समीकरणसुद्धा नेहमीच्या फलनांनी आणि इंटिग्रेशननं सुटत नाही. तिथं ना चार नियम चालत, ना चाळीस. ताईंच्या मॅडमच्या बारीक रेघा मात्र तिथंही चालतात.

खानापूरची, सध्या कोल्हापुरात

सर, बाटलीबद्दल एक. बाटली रिकामी दिसली, तर ती कधी रिकामी झाली हे तुमचं समीकरण मागे जाऊन सांगू शकतं का? मला वाटतं नाही. उंची शून्य असताना पाच मिनिटांपूर्वी संपलेलं पाणी आणि काल संपलेलं पाणी, दोन्ही उत्तरं बसतात. आम्हाला युनिकनेसचा, म्हणजे एका सुरुवातीपासून उत्तर एकच असतं हे सांगणारा, प्रमेय पाठ होता, पण त्यातली अट मोडते म्हणजे काय होतं, ते मला आत्ता हे वाचताना दिसलं.

फळा-खडू, टिळकवाडी

अगदी बरोबर. वर्गमुळाचा आलेख शून्यापाशी उभाच्या उभा चढतो, तिथंच अट मोडते. हा प्रश्न मी उद्या वर्गात विचारतो, खानापूरच्या एका मुलीनं विचारलाय असं सांगून.

चिकोडीचा गणितवाला

चार नियम मी शिकवणारच, एवढं लिहून ठेवतो. पण दोन आठवड्यांचे चार तास करीन, आणि वाचलेल्या वेळात बाटली आणि ग्राफ पेपर. खिळा किती जाडीचा घेतला होता सर?

फळा-खडू, टिळकवाडी

तीन मिलिमीटर. भोक तळापासून दोन बोटं वर पाडा, आणि उंची तळापासून नव्हे, भोकापासून मोजा. बाटली वरून खालपर्यंत सारख्या घेराची बघून घ्या, कमरेत आवळलेली चालणार नाही. बादली खाली ठेवायला विसरू नका, मी विसरलो होतो.