पानिपतच्या रोलप्लेमध्ये भाऊसाहेब मरायलाच तयार नाहीत, काय करू?

उदगीरकर
मंडळी मदत करा. दीड वर्षापासून आम्ही अकरा जण डिस्कॉर्डवर पानिपतचा रोलप्ले खेळतोय (एकेकाने एक पात्र घ्यायचं आणि पोस्ट लिहून गोष्ट पुढे न्यायची), फेब्रुवारी १७६० च्या उदगीरपासून सुरुवात केली, ॲडमिन मी आणि नजीबखान पण मीच (कोणी घेतच नव्हतं). नियम एकच, मोठ्या तारखा हलणार नाहीत, मधलं सगळं तुमचं. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तोवर मस्त चाललं होतं. आता कथा डिसेंबरात आलीये, छावणीत दाणावैरण संपत आलीये, आणि सदाशिवरावभाऊ खेळणारा मित्र म्हणतो एवढे महिने पात्र उभं केलंय, मी नाही मरणार जा. परवा तर त्याने एकाच पोस्टमध्ये अब्दालीला जखमी करून टाकलं, अब्दाली खेळणाऱ्या ताईला विचारलंसुद्धा नाही, ती तेव्हापासून गप्प आहे. त्यात दोन नवीन पोरं आलीत, त्यांची स्वतःची पात्रं, एक बारगीर (सरकारी घोड्यावरचा शिपाई) आणि एक वैद्यीण, पण प्रत्येक सीनमध्ये भाऊ, विश्वासराव, मल्हारराव बोलणार आणि ह्यांनी मुजरा करून बाहेर पडायचं. प्लॉट सांभाळू का माणसं?

गनिमीकावा
आधी अब्दालीचं मिटव. हे सरळसरळ गॉडमोडिंग आहे, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राचं काय होणार ते आपणच ठरवून टाकणं. वार करणाऱ्याने वार लिहायचा, लागला का हुकला ते समोरचा ठरवणार. पोस्ट उडवू नकोस, भांडण वाढेल. पुढच्या पोस्टमध्ये टाक की अब्दाली जखमी झाल्याची अफवा उठली होती, उपाशी छावणीत अफवांना काय तोटा

कोकणी_भूत
अरे भाऊंना मारा की बिनधास्त, तोतया आहे ना!! पानिपतानंतर मीच भाऊ म्हणून एक जण खरंच उभा राहिला, रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातले किल्ले घेतले, शेवटी १७७६ मध्ये पुण्यात त्याला मारलं. पार्वतीबाईंनी तर भाऊ गेले हे शेवटपर्यंत मानलं नाही म्हणतात. मित्राला सांग १४ जानेवारीला हत्तीवरून उतर, घोड्यावर बस आणि गर्दीत दिसेनासा हो, मरण लिहूच नकोस. मग टाइमस्किप. तो खरा का खोटा हे त्याने फक्त तुला कानात सांगायचं.

सातवा_बुरूज
तोतया भारी 😂 पण मला त्या दोन पोरांचं जास्त वाटतंय, आमचा ग्रुप ह्याच्यावरूनच बंद पडला. मोठ्या पात्रांचं काय होणार ते शाळेच्या पुस्तकात छापलंय रे, वैद्यिणीचं काय होणार ते कोणालाच माहीत नाही, मग खरी धाकधूक कुठे आहे सांग. रणातून महादजींना कोणी वाचवलं, राणेखान भिस्त्याने, पखालीतून पाणी वाहणारा माणूस. छावणीला रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेले ना, त्यांच्याकडे बारगिराला पाठव, तिथून तो एकटाच जिवंत परत येईल आणि रसद बुडाल्याची बातमी छावणीत फक्त त्याच्याकडे असेल, मग बघू भाऊ त्याला मुजरा करून कसे घालवतात.

पेठेतला_पाहुणा
पण तारखा हलवायच्याच नाहीत हा हट्ट कशाला? जिंकू द्या की एकदा.

उदगीरकर
@पेठेतला_पाहुणा मतं घेतली होती, सात जण नको म्हणाले. शिवाय माधवराव घेतलेली मुलगी कधीची वाट बघत बसलीये, १७६१ झाल्याशिवाय तिला पेशवाई कशी मिळणार.

बारगिराला काल रात्रीच पाठवला, पोरगं इतकं खूश की तीन पानांची पोस्ट टाकलीये. मित्राला तोतयाचं सांगितलं तर आधी फुगून बसला, मग रात्री दीडला फोन करून विचारतो कोकणातले किल्ले कुठले कुठले रे. ताई पण तयार झाली, फक्त अफवेवाली पोस्ट तीच लिहिणार म्हणाली आणि त्यात भाऊंच्या शामियान्यातला एक माणूस फितूर निघणार आहे, कोण ते मलाही सांगत नाहीये.