पार्टी पाठवणाऱ्याचा वाटा हक्काचा की मर्जीचा?

निपाणीकर:
मार्चमध्ये माझ्याकडची एक पार्टी, म्हणजे प्लॉट घेणारं गिऱ्हाईक, बेळगावच्या एजंट मित्राकडं पाठवली. हिंडलग्याच्या बाजूला जुन्या लेआउटमधला तीस बाय चाळीस फुटांचा रिसेल प्लॉट, २४ लाखांना सौदा. फोनवर ठरलेलं, दोन टक्के दलालीत निम्मं-निम्मं. म्हणजे माझे २४ हजार. संचकार (विसार देऊन करार) झाला, खरेदी झाली, पार्टीनं पेढेसुद्धा आणून दिले. मित्राचा मात्र फोन नाही. शेवटी गाठलं तर म्हणतो, "ती पार्टी आमच्याकडं आधीच येऊन गेलेली." माझ्या मते ओळख करून दिली तिथंच वाटा लागला. तुम्ही काय म्हणता?

अनगोळकर:
राग मानू नका, पण निम्मं कशाचं? नंबर पाठवायला दोन मिनिटं लागतात. साइट तीनदा दाखवायची, उतारा बघायचा, ईसी (बोजा नसल्याचा दाखला) काढायची, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी तपासायची, सब-रजिस्ट्रारकडं दिवसभर ताटकळायचं. भाव अडला की रात्री अकराला मालकाच्या ओसरीवर आम्हीच बसतो. पाव हिस्सा पुष्कळ झाला.

निपाणीकर:
पाव तरी द्या की! इथं शून्य आलंय. आणि निम्मं जड वाटत होतं तर पार्टी घेतानाच बोलायचं, खरेदीनंतर नव्हे.

खानापूर रोड:
रेरात, म्हणजे रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाकडं, तक्रार ठोका.

टिळकवाडीचा वकील:
रेरा इथं कुठून आला? २०१६ चा तो कायदा नोंदणीकृत प्रकल्पांसाठी, हा जुना रिसेल प्लॉट. एजंटांनी आपसात किती वाटून घ्यायचं हे त्यात नाहीच. उलट प्रकल्पातला प्लॉट असता आणि तुमची नोंदणी नसती तर कलम ६२ खाली रोज १०,००० दंड तुमच्याच गळ्यात. (चंदगडकडच्या मित्रांनो, महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या रेराचा, नोंदणी नंबर इकडं कर्नाटकात चालत नाही, नोंदणी त्या-त्या राज्यापुरतीच.) हा साधा येणे असलेल्या पैशांचा वाद. तोंडी करारही करारच, दावा ३ वर्षांत लावायचा. पण शाबीत तुम्ही करायचं. व्हॉट्सॲपवर काय आहे?

निपाणीकर:
पार्टीचं नाव-नंबर, तारखेसकट. खाली त्याचा अंगठा. टक्के फोनवर बोललो.

टिळकवाडीचा वकील:
मग ओळख तुमची हे दिसतं, निम्मं दिसत नाही. तरी अंगठा कामाचा आहे. पार्टी खरंच आधीची असती तर तो तेव्हाच "ही आमचीच" म्हणाला असता. आधी नोटीस पाठवा. नाही ऐकलं तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं दावापूर्व अर्ज. कोर्ट फी नाही, आणि लोकअदालतीत तडजोड झाली की ती हुकूमनाम्यासारखीच, वर अपील नाही.

अनगोळकर:
२४ हजारांसाठी नोटीस? उद्या बेळगावात तुमची पार्टी कोण घेणार? आमच्यात दोन जुने एजंट बसवतात, चहा होतो, आकडा ठरतो.

खानापूर रोड:
त्याच चहात माझे ४० हजार गेले. दोन्ही पंच समोरच्याचे दोस्त. चहाचे पैसेही मीच दिले.

शिनोळी नाका:
मी एकच ओळ टाकतो, "अमुक पार्टी, अमुक प्लॉट, दलालीत ४० टक्के माझे." होकार लिहून आल्याशिवाय पार्टीचा नंबर देत नाही. दोघांनी कायमचं बोलणं टाकलं, चालायचंच.

अनगोळकर:
एवढा अविश्वास असेल तर एकत्र धंदा करायचाच कशाला?

निपाणीकर:
अनगोळकर, तुम्ही पाव म्हणालात ना? तेवढं लिहून द्या. यमकनमर्डीची एक पार्टी आहे, तुम्हालाच पाठवतो.

अनगोळकर:
लिहायचं काय त्यात, फोन करा की.